शिकाऱ्याने लिहिलेले चरित्र : रोमन सीमेवरील अधिकारी आणि कॅप्टन मॅकिंटॉशचा रामोशीविषयक ग्रंथ

प्रास्ताविक

साम्राज्याच्या सीमेवर नेमलेला लष्करी अधिकारी हा जागतिक वाङ्मयात वारंवार भेटणारा मनुष्य आहे. तो कर वसूल करतो, बंडखोरांचा माग काढतो, तह घडवून आणतो आणि कधीकधी ज्यांच्यावर राज्य करायचे त्यांच्याविषयी पुस्तकही लिहितो. त्याने लिहिलेले पुस्तक पुढे जित समाजाच्या इतिहासाचे प्रमुख साधन होऊन बसते. मग त्या समाजाच्या वंशजांना आपल्या पूर्वजांचा शोध त्यांच्या पाठलागावर असलेल्या माणसाच्याच लेखणीतून घ्यावा लागतो. कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉश याने रामोशी समाजाविषयी लिहिलेल्या आणि १८३३ मध्ये मुंबईस प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी ग्रंथाच्या बाबतीत हेच घडले आहे. उमाजी नाईक यांच्या चरित्राचा सर्वांत विस्तृत समकालीन आधार हाच ग्रंथ आहे आणि त्याचा लेखक उमाजींना पकडण्याच्या मोहिमेचा प्रमुख अधिकारी आहे.

प्रस्तुत निबंधात या ग्रंथाचा परामर्श रोमन इतिहासलेखनातील काही प्रसंगांच्या उजेडात घेण्याचा प्रयत्न केला आहे. रोम आणि कंपनी सरकार एकच होते, असे येथे सुचवायचे नाही. अधिकारी, अंमल आणि लेखन यांचे नाते रोमन साधनांत अधिक सुटे सुटे दिसते. ते पाहिले म्हणजे मॅकिंटॉशच्या ग्रंथात एकत्र वळलेले धागे उलगडणे सोपे जाते, एवढाच या तुलनेमागील हेतू आहे.

रोमन सीमेवरील तीन भूमिका

पहिला प्रसंग टॅसिटसच्या 'ॲनल्स' या ग्रंथाच्या चौथ्या भागातील आहे. ऱ्हाइन नदीपलीकडे उत्तर समुद्राच्या काठी राहणाऱ्या फ्रिझियन या जर्मन जमातीवर ड्रुससने बैलांच्या कातड्यांचा कर बसवला होता. जमात गरीब होती व कर बेताचा होता. कातडे केवढे असावे, किती जाड असावे, याची चौकशी कोणी करीत नसे. पुढे ओलेनियस नावाचा एक ज्येष्ठ शतकाधिपती त्यांच्यावर नेमला गेला. त्याने रानबैलाचे कातडे हे माप ठरवले. जर्मनीच्या अरण्यांत रानबैल प्रचंड असत, परंतु घरची जनावरे लहान चणीची असत. परिणामी फ्रिझियनांनी आधी जनावरे दिली, मग जमिनी दिल्या आणि अखेरीस बायकामुले गुलामीत दिली. गाऱ्हाण्यांची दाद लागली नाही, तेव्हा इ. स. २८ मध्ये त्यांनी वसुलीस आलेल्या सैनिकांना धरून फासावर चढवले. ओलेनियस मात्र समुद्रकाठच्या किल्ल्यात पळून गेल्याने वाचला. त्यानंतरच्या लढाईत रोमनांची मोठी हानी झाली व सम्राट टायबेरियसने ती लपवून ठेवली, असे टॅसिटस सांगतो.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट म्हणजे ओलेनियसने नवा कर बसवला नाही, जुन्याच कराचे माप बदलले. कागदोपत्री सर्व काही पूर्वीप्रमाणेच होते. जुलूम मापात दडलेला होता. टॅसिटसने हे कारण नेमके हेरले. टॅसिटस त्या प्रसंगी हजर नव्हता, तो जवळपास नव्वद वर्षांनी लिहीत होता, आणि त्याचा रोख जर्मनांच्या कळवळ्यापेक्षा रोममधील सत्तेच्या दोषांवर अधिक होता. तरीही बंडाचे मूळ बंडखोरांच्या स्वभावात न शोधता अधिकाऱ्याच्या कृतीत शोधण्याचे काम त्याने केले.

दुसरी भूमिका वेलेयस पॅटर्क्युलसची. हा स्वतः लष्करी अधिकारी होता. टायबेरियसच्या हाताखाली त्याने जर्मनीत घोडदळाचे नेतृत्व केले आणि इ. स. ३० च्या सुमारास रोमचा संक्षिप्त इतिहास लिहिला. इ. स. ९ मध्ये ट्यूटोबर्गच्या अरण्यात व्हारसच्या तीन पलटणी नष्ट झाल्या, त्याचे कारण सांगताना तो व्हारसच्या सुस्तपणाला दोष देतो. जर्मन लोकांना तो जन्मजात खोटे बोलणारे ठरवतो. व्हारसला गाफील ठेवण्यासाठी त्यांनी बनावट खटले उभे केले, असे त्याचे म्हणणे आहे. म्हणजे कारण एक तर आपल्या माणसाचे अपयश, नाहीतर त्यांच्या माणसांचा स्वभाव. जर्मनांना रोमन न्यायालयाची गरज होती काय, हा प्रश्न त्याच्या लेखनात उद्भवत नाही. अंमलदाराने लिहिलेल्या इतिहासाची ही मर्यादा आहे. जो अंमल त्याने स्वतः बसवला, तोच त्याला पायाखालच्या जमिनीसारखा गृहीत असतो.

तिसरी भूमिका टॅसिटसच्याच 'जर्मेनिया' या इ. स. ९८ मधील छोट्या ग्रंथाची. त्यात जमातींच्या चालीरीती, देवदेवता, विवाह, युद्धपद्धती यांचे वर्णन आहे. एक कृती करणारा, दुसरा कृतीचे समर्थन लिहिणारा आणि तिसरा परक्या समाजाचे वर्णन करणारा, अशा या तीन भूमिका रोमन परंपरेत वेगवेगळ्या हातांत आहेत. मॅकिंटॉशच्या ठायी त्या तिन्ही एकवटल्या आहेत.

मॅकिंटॉशचा ग्रंथ : 'जमात' या शब्दाचे कार्य

मॅकिंटॉश हा मद्रास लष्कराच्या २७ व्या पलटणीचा अधिकारी. त्याच्या ग्रंथाच्या शीर्षकातच रामोशी 'जमातीची' उत्पत्ती व सद्यःस्थिती आणि त्यांचे नायक उमाजी यांचे चरित्र, असे दोन विषय जोडले आहेत. रामोशी या नावाची व्युत्पत्ती, त्यांचा तेलंगणाकडून येण्याविषयीचा समज, चव्हाण व जाधव हे दोन विभाग, जेजुरीच्या खंडोबावरील श्रद्धा, भंडाऱ्याची शपथ, त्यांच्या सांकेतिक बोलीतील शब्द अशी पुष्कळ माहिती त्यात आली आहे. ही माहिती मोलाची आहे. त्या काळी अन्य कोणी ती एवढ्या तपशिलाने लिहून ठेवली नाही, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे.

तथापि शीर्षकातील 'जमात' या शब्दाकडे थोडे थांबून पाहणे अवश्य आहे. फ्रिझियन हे रोमन प्रदेशाबाहेर, आपापल्या भूमीवर, आपल्या प्रमुखांच्या आज्ञेत राहणारे लोक होते. रामोशी तसे नव्हते. ते पुणे, सातारा, नगर या प्रदेशांतील गावगाड्याचे घटक होते. गावाची रखवाली करणे, चोरीचा माग काढणे, माग दुसऱ्या गावाच्या शिवेपर्यंत नेऊन पोहोचवणे आणि तो न लागल्यास नुकसानीची जबाबदारी उचलणे ही त्यांची कामे होती. त्याबद्दल त्यांना गावाकडून हक्क मिळत. पुरंदरच्या परिसरात किल्ल्याच्या रखवालीशी त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा संबंध होता. म्हणजे रामोशी हे व्यवस्थेबाहेरचे लोक नसून व्यवस्थेच्या वेशीवर उभे केलेले लोक होते. त्यांना 'जमात' म्हटल्याबरोबर ते गावाबाहेर जातात. त्यांचे कसब हा त्यांचा स्वभाव ठरतो आणि रखवालीचा करार रक्तातील प्रवृत्तीत रूपांतरित होतो.

हा बदल केवळ शाब्दिक नव्हता. पेशवाईच्या अखेरच्या पर्वात आणि १८१८ नंतर कंपनीच्या अंमलात जुन्या रखवालीचे हक्क आक्रसले, किल्ल्यांचे महत्त्व गेले, नवी पोलीस व्यवस्था आली. रखवालदारावरील संशय मात्र कायम राहिला, किंबहुना वाढला. हक्क जुन्या मापाचा उरला नाही आणि जबाबदारी नव्या मापाने मोजली जाऊ लागली. ओलेनियसच्या कातड्याचा प्रसंग येथे उपयोगी पडतो. कागदावर काही फारसे बदललेले नसते, परंतु ज्या मापाने माणूस मोजला जातो ते माप बदललेले असते. टॅसिटसला हे माप दिसले, कारण तो ते लावणारा नव्हता. मॅकिंटॉशला ते दिसणे कठीण होते, कारण ते त्याच्याच हातात होते.

उमाजी : चौकट मोडणारे चरित्र

ग्रंथाचा उत्तरार्ध मात्र पूर्वार्धाच्या ताब्यात राहत नाही. समाजवर्णनाच्या चौकटीत व्यक्तीला स्थान नसते. तेथे 'ते असे करतात', 'त्यांच्यात अशी रीत आहे' अशी वाक्ये चालतात. उमाजी या वाक्यांत मावत नाहीत.

उमाजी नाईक यांचा जन्म १७९१ मध्ये पुरंदर तालुक्यातील भिवडी येथे झाला. १८२० च्या दशकात त्यांनी कंपनीच्या अंमलाविरुद्ध उठाव केला. सरकारने त्यांना माफी देऊन १८२८ च्या सुमारास स्वतःच्या चाकरीत घेतले. पुढे ते पुन्हा बाहेर पडले. १८३१ च्या डिसेंबरात भोरजवळील उत्रोळी येथे ते पकडले गेले आणि ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात त्यांना फाशी देण्यात आली. या क्रमात चाकरी आणि त्यानंतरचे बंड हा टप्पा निर्णायक आहे. ट्यूटोबर्गचा विजेता आर्मिनियस हाही रोमन सैन्याच्या साहाय्यक दलात अधिकारी होता. त्याला रोमन नागरिकत्व मिळाले होते आणि व्हारसच्या पंगतीला तो बसत होता. इ. स. ६९ मध्ये बंड करणारा बटावियन नेता सिव्हिलिस याचाही पूर्वेतिहास असाच आहे. जित समाजातीलच लोक हाताशी धरून अंमल बसवण्याची रीत कंपनीनेही चालवली. १८२५ मध्ये खानदेशात जेम्स औट्रामने उभे केलेले भिल्ल पथक हे तिचे ठळक उदाहरण आहे. या रीतीत एक धोका अंगभूत असतो. चाकरीत घेतलेला माणूस साम्राज्याला आतून पाहतो. त्याच्याविषयी लिहिताना 'रानटी' हा शब्द पुरेसा होत नाही, आणि म्हणून अधिकारी-लेखक 'कृतघ्न' या शब्दाकडे वळतो.

परंतु मॅकिंटॉशच्या लेखनात दूषणाबरोबर एक नाखुशीचा आदरही आहे. शिवाजी महाराजांचा आदर्श उमाजींसमोर होता, हे त्याच्याच साक्षीने मराठी लेखनात वारंवार सांगितले जाते. हा आदर निखळ नव्हे. शिकार जेवढी मोठी तेवढा शिकारी मोठा, हा हिशेब त्यात आहेच. तरी एकदा प्रतिस्पर्ध्याला राज्याची आकांक्षा होती हे मान्य केले की त्याला चोर म्हणणे अवघड होते. ग्रंथाचा पूर्वार्ध ज्याला 'प्रवृत्ती' म्हणतो, त्याला उत्तरार्ध 'हेतू' म्हणू लागतो. माझ्या मते मॅकिंटॉशच्या ग्रंथाचे खरे वाङ्मयीन मोल या अंतर्विरोधात आहे.

अखेरच्या प्रसंगातील एक तफावतही बोलकी आहे. आर्मिनियसला विषप्रयोगाने मारण्याची तयारी एका जर्मन प्रमुखाने दाखवली, तेव्हा रोम शत्रूचा सूड उघडपणे व शस्त्राने घेतो, असे सांगून टायबेरियसने ती नाकारली, अशी हकीकत टॅसिटस देतो. शेवटी आर्मिनियस आपल्याच आप्तांच्या कपटाने मारला गेला. उमाजींच्या बाबतीत सरकारने जाहीरनामा काढून पैशांचे आणि जमिनीचे बक्षीस लावले व पूर्वीच्या साथीदारांकरवीच त्यांना हस्तगत केले. रोमची बढाई कितपत खरी होती हा वेगळा प्रश्न. पण फितुरी ही निदान लपवण्याची गोष्ट आहे, असे रोमला वाटत होते. कंपनीच्या कारभारात ती खर्चाची एक बाब झाली.

आणखी एक भेद भाषेचा आहे. इंग्रजी क्रियापदाला आदर-अनादर कळत नाही. मराठीत मात्र 'उमाजी पकडला गेला' आणि 'उमाजी पकडले गेले' यांतून एक निवडावेच लागते. मॅकिंटॉशची माहिती मराठीत आणताना प्रत्येक लेखकाने हा निवाडा कळत-नकळत केला आहे. एकोणिसाव्या शतकातील 'दरोडेखोर उमाजी' पासून आजच्या 'राजे उमाजी नाईक' या संबोधनापर्यंतचा प्रवास हा आदरार्थी अनेकवचनाचाही प्रवास आहे.

उलटी केलेली चौकट

येथे एक आक्षेप संभवतो. मॅकिंटॉशचा ग्रंथ सदोष असेल, पण आज उमाजींची प्रतिष्ठा प्रस्थापित झाली आहे. ७ सप्टेंबरला त्यांची जयंती साजरी होते. २०२३ च्या राज्य अर्थसंकल्पात रामोशी समाजासाठी त्यांच्या नावाने आर्थिक विकास महामंडळाची घोषणा झाली. मग दोनशे वर्षांपूर्वीच्या अधिकाऱ्याची उलटतपासणी कशासाठी?

याचे उत्तर 'जर्मेनिया' ग्रंथाच्या पुढील इतिहासात आहे. १४५५ मध्ये त्याचे हस्तलिखित रोमला आणले गेले आणि नंतरच्या शतकांत जर्मन विद्वानांनी त्यातून आपल्या पूर्वजांचे चित्र घडवले. आर्मिनियसचा 'हेर्मान' झाला व १८७५ मध्ये डेटमोल्डजवळ त्याचे प्रचंड स्मारक उभे राहिले. रोमन लेखकाने नैतिक धडा म्हणून रंगवलेली 'अमिश्र वंशा'ची कल्पना विसाव्या शतकात नाझींनी शब्दशः घेतली. परक्याने घातलेली चौकट उलटी केली म्हणजे ती मोडते असे नाही. निंदेच्या जागी स्तुती येते, परंतु 'हा समाज मुळातच असा आहे' हे विधान जागेवरच राहते. 'उपजत चोर' च्या जागी 'उपजत लढवय्ये' म्हटल्याने रखवालीचा करार, हक्कांचा संकोच आणि मापाचा बदल हे प्रश्न पुन्हा दृष्टिआडच राहतात.

त्या चौकटीची किंमत कल्पित नाही. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा 'जमात' याच कल्पनेवर उभा होता. १९११ नंतर तो मुंबई इलाख्यातही लागू झाला आणि १९५२ मध्ये रद्द झाला. मॅकिंटॉशच्या एका ग्रंथातून तो कायदा निघाला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु ज्या विचारसरणीत व्यवसाय हा वंशाचा गुणधर्म मानला जातो, तिची मराठी मुलखातील एक आरंभीची व सविस्तर नोंद म्हणून त्याच्याकडे पाहावे लागते. आज रामोशी समाज राज्याच्या यादीत विमुक्त जातींमध्ये मोडतो. 'विमुक्त' या शब्दाला अर्थ आहे तो त्या आधीच्या बंधनामुळेच.

आपला परिसर आणि साधनांचा प्रश्न

पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यातील वाचकाला हा विषय दूरचा वाटू नये. मॅकिंटॉशने पुढे सह्याद्रीतील महादेव कोळ्यांविषयीही याच पद्धतीने लिहिले. त्या कोळ्यांचा मुलूख म्हणजे चाकणच्या वायव्येकडील खेड, आंबेगाव, जुन्नरचा डोंगरी भाग. १८३९ मध्ये कोळ्यांच्या उठावात घोडे येथील सरकारी खजिन्यावर चाल झाली, ते घोडे याच भागात आहे. १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडके यांनी रामोश्यांना सोबत घेऊन पहिला छापा घातला तो शिरूर तालुक्यातील धामारीवर, आणि त्यांचे सहकारी दौलतराव नाईक त्याच वर्षी मारले गेले. पुणे-नाशिक रस्त्यावरील कारखान्यांच्या रांगांमागे हा मुलूख आजही उभा आहे.

याच पट्ट्यातील दुसरे उदाहरण तुलनेस घेण्याजोगे आहे. चिंचवडचे दामोदर हरी चापेकर यांनी २२ जून १८९७ रोजी प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली. त्या रात्री लेफ्टनंट आयर्स्ट हा लष्करी अधिकारीही मारला गेला. फाशीपूर्वी दामोदरांनी तुरुंगात आत्मवृत्त लिहिले. ते सरकारी दप्तरातूनच पुढे आले, पण शब्द त्यांचे होते. अक्षरओळखीच्या परंपरेत वाढलेल्या चापेकरांना आपला हेतू आपल्या शब्दांत मांडता आला. उमाजींचा हेतू आपल्याला त्यांच्या जाहीरनाम्यापुरता आणि बाकी मॅकिंटॉशच्या शब्दांत मिळतो. देशभक्तीच्या इतिहासात एकाचे स्थान लवकर निश्चित झाले व दुसऱ्याचे उशिरा, यामागे लेखणीच्या मालकीचा हा फरकही आहे.

मग करावे काय? मॅकिंटॉश बाजूला टाकावा, असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे नाही. टॅसिटस टाकला तर फ्रिझियनांचे गाऱ्हाणेही नाहीसे होईल. तो वाचावा, पण त्याने न विचारलेले प्रश्न सोबत घेऊन वाचावा. अमुक गावी रखवालीचा हक्क काय होता, तो केव्हा व कोणाच्या हुकमाने घटला, चोरीच्या भरपाईची जबाबदारी कोणाच्या माथी राहिली? यांची उत्तरे समाजवर्णनात मिळणार नाहीत. ती पुण्याच्या पुराभिलेखागारातील मोडी कागदांत, इनाम व वतनाच्या नोंदींत, जेजुरीच्या परंपरेत आणि घराघरांतील स्मृतीत शोधावी लागतील. मोडी वाचणारे विद्यार्थी महाविद्यालयांतून तयार झाले, तर एकेका गावापुरते हे काम अशक्य नाही.

समारोप

ओलेनियसने लिहिले नाही म्हणून त्याचे माप टॅसिटसला उघडे करता आले. मॅकिंटॉशने स्वतःच लिहिले म्हणून त्याचे माप त्याच्या ग्रंथात मिसळून गेले आणि वर्णन वाटू लागले. समीक्षेचे काम ते पुन्हा वेगळे काढणे हे आहे. त्यातून मॅकिंटॉश खोटा ठरणार नाही. तो बहुधा प्रामाणिक, परिश्रमी आणि बारीक नजरेचा अधिकारी होता. परंतु प्रामाणिक अधिकाऱ्याच्या हातातील मापसुद्धा अखेर सरकारचे माप असते.

आज या पट्ट्यातील कारखान्यांच्या फाटकांवर रात्रभर जागणारा पहारेकरी कोणत्याही समाजाचा असो, त्याच्या वाट्यास तोच जुना व्यवहार येतो. विश्वास त्याच्यावर टाकला जातो आणि काही हरवले की पहिली चौकशीही त्याचीच होते. रामोश्यांच्या इतिहासातील मूळ प्रश्न हाच आहे. तो 'जमाती'चा प्रश्न नसून रखवालीच्या मोबदल्याचा आणि संशयाच्या वाटणीचा प्रश्न आहे. उमाजी नाईक यांच्या चरित्राचे पुनर्लेखन येथून सुरू व्हावे, असे वाटते.